रिठावरची बरणी

मामी गाडीत बसली ती बरणी मांडीवर घेऊनच. मागच्या सीटवर तिच्या दोन पिशव्या, पितळी डबा, गोधडीचं गाठोडं आणि एक छत्री असा सगळा संसार मी नीट लावून ठेवला होता. बरणीही मागं ठेव म्हटलं, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गुपचूप गाडी सुरू केली. गाडी मी पन्नाशीनंतर शिकले. माझ्या गाडीला वेग कमी आणि हॉर्न जास्त, असं आमच्या घरात म्हणतात. मामीला मात्र तो वेग पसंत आहे.

विलास हा मामीचा एकुलता मुलगा. कुडव्याला राहतो, गोंदियाच्या बाजारात त्याचं धान्याचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात मामी अंगणात घसरून पडली, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "ताई, तू जाऊन घेऊन ये ना आईले. माह्यासंग येतच नाही. तुहं ऐकते ते." मी सालेकशाच्या बाजूचं ते खेडं गाठलं, मामीपुढं बसले, आणि नवल म्हणजे तिनं फार आढेवेढे घेतले नाहीत. घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली आणि एकच अट घातली.

"पयले रिठावर चाल. हे बरणी जिथली तिथं पुरतो. मंग मले कुठी बी नेऊन टाका."

रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. माणसं निघून जातात, घरांची माती खाली बसते, चिंचा-मोहाची झाडं तेवढी उभी राहतात, आणि सातबाऱ्यावर नाव उरतं. मामीचा जन्म त्याच गावातला. ते गाव का उठलं हे मला कुणी धड सांगितलं नाही. कुणी आजाराचं नाव घ्यायचं, कुणी नाल्याच्या पाण्याचं. आता ती जमीन योगेश नावाच्या एका शेतकऱ्याची आहे आणि दुसऱ्या दिवशी मशीन लावून तो तिथं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पाडणार होता. म्हणजे बरणी पुरायची तर आजच, आणि खोल. ती बरणी मामीच्या नाळेची. तिच्या जन्माच्या दिवशी त्या गावात पुरलेली, आणि नंतर कितीतरी वर्षं मामाच्या घरी मीठ ठेवलेली. हे कसं झालं ते सांगायचं तर मामापासूनच सुरुवात करावी लागेल.

माझ्या मामाला जमीन उकरायचा नाद होता. शेत तर सगळेच उकरतात, मामा रीठ उकरायचा. धान कापून झाला, चुरणं-मळणी झाली, बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य हिरवं दिसायला लागलं, की मामाचे दिवस सुरू. दुपारचं जेवण झालं की खांद्यावर कुदळ, हातात टोपलं, कमरेला खुरपं आणि मागोमाग मी. सुट्टीत मी मामाकडंच असायचे. मामी दारातून ओरडायची, "दुसऱ्यायचे मामा भाचीले खाऊ आणतेत, हा मामा मेलेल्या गावाच्या बाटल्या आणते!" मामा मान खाली घालून हसायचा आणि चालायला लागायचा. बायकोच्या बोलण्याला उत्तर न देता हसता येणं ही मोठी कला आहे. आमच्या मामाला ती साधली होती.

आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. लग्नात, सणात तर पडतोच, पण मामा रिठावरही पडायचा. खड्डा कुठं घ्यायचा ते ठरलं की तो कुदळ माझ्या हातात द्यायचा, खाली वाकायचा, माझ्या धुळीनं भरलेल्या पायांना हात लावायचा आणि म्हणायचा, "मार माय पयली कुदळ. भाचीचा हात लागला का जमीन नाही म्हणत नाही." कुदळ माझ्याच उंचीची. ती उचलताना मीच मागं कलंडायचे. पण पहिला घाव माझाच असायचा, मग उरलेला खड्डा मामा खणायचा. एवढा मान मला पुढं आयुष्यात कुठं मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावर माझं भागलं.

जमीन वाचायची मामाची एक रीत होती. तरोटा आणि एरंड जिथं दाट, तिथं घराचा उकिरडा असणार. लाल मातीत मध्येच राखेचा पट्टा लागला तर ती चूल. मग तो बांबूची लांब कमटी जमिनीत हळूहळू खुपसायचा आणि कान लावायचा. दगडाला लागली तर नुसतं ठक. मडक्याच्या खापराला लागली तर भसाडा आवाज. काचेला लागली तर बारीक किण, आणि त्याबरोबर मामाच्या भुवया वर. मग कुदळ बाजूला, खुरपं हातात, आणि शेवटी नुसती बोटं. काच नखाला लागते तेव्हा आजूबाजूच्या मातीपेक्षा थंड लागते. अजूनही फ्रीजमधली पाण्याची बाटली हातात घेतली की मला क्षणभर ती नखाखालची माती आठवते.

काय काय निघायचं! गोळीसोड्याच्या जाड हिरवट बाटल्या, गळ्यात गोळी अडकलेली. औषधाच्या चपट्या बाटल्या, एका अंगाला डोसाच्या खुणा उठवलेल्या. शाईची दौत, तळाशी निळा थर सुकलेला. एकदा बोटाएवढी कुपी निघाली, लाकडी बूच जसंच्या तसं. मामानं ते दातानं काढलं आणि कुपी माझ्या नाकाशी धरली. हिन्याचा वास होता, इतका पुसट की खरंच आला की मी मानून घेतला, हे आजही सांगता येणार नाही. मामानं स्वतः हुंगलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "कोणाचं तरी लगन होतं बाप्पा." मग बूच घट्ट लावून टाकलं, वास उरलाच असला तर उडून जाऊ नये म्हणून.

एक जागा मात्र मामा कधी उकरत नसे, न्हाणीची. बाळ जन्मलं की त्याची नाळ-वार कोऱ्या गाडग्यात घालून न्हाणीजवळ पुरायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. आंघोळीचं पाणी वर पडत राहतं, जमीन थंड राहते. "उकिरडा साऱ्या गावाचा, पण न्हाणी त्या घरच्या मायची," असं मामा म्हणायचा. न्हाणीचा चपटा दगड दिसला की तो त्याला हात जोडून चार पावलं लांब जायचा. मीही जोडायचे. मला वाटायचं त्या दगडाखाली एखादा देव असेल. मामानं समजावून सांगितलं तेव्हा माझी जराशी निराशाच झाली.

तर त्या हिवाळ्यात आम्ही दोन बुंध्यांच्या मोहाजवळ खड्डा घेतला. तरोटा कमरेएवढा, माती मऊ, काळी. मामाला वाटलं झकास उकिरडा सापडला. तिथला न्हाणीचा दगड कुणीतरी केव्हाच उचलून नेला होता, नव्या घराच्या पायरीला लावायला. दगडच नाही तर न्हाणी ओळखायची कशी? मी पहिली कुदळ मारली, मामानं पुढं खणलं, आणि निघाली पांढरी चिनी मातीची बरणी. आमच्या सगळ्या उकरण्यात इतकी देखणी वस्तू दुसरी निघाली नाही. गळ्याशी निळी रेघ, काठाला एक छोटासा टवका, झाकण सरकलेलं आणि आत मुळांचं जाळं धरून बसलेली काळी माती. मामानं ती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि सूर्याकडं धरली, काचेची असल्यासारखी. मला हसू आलं. इतका आनंदलेला मामा मी नंतर फक्त विलासच्या जन्माच्या वेळी पाहिला.

मामीनं बरणीला नाक मुरडलं, चारदा राखेनं घासली आणि पाचव्यांदा तिच्यात मीठ भरलं. "तुह्या मामाच्या साऱ्या कचऱ्यात एवढी एक चीज कामाची." बाकीच्या बाटल्या माजघराच्या खिडकीत ओळीनं उभ्या असायच्या. सकाळचं ऊन त्यांच्यातून आलं की शेणानं सारवलेल्या जमिनीवर हिरवे-निळे डाग पडायचे. मी त्या डागांवर पाय ठेवून उभी राहायचे. सालेकशाकडून येणारी पॅसेंजर गेली की बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. लाईन तशी लांब होती, तरी किणकिणायच्या. मामी म्हणायची, "झाल्या यायच्या गोष्टी सुरू."

त्या घरातला स्वयंपाक त्या मिठावर चालला. मोहाची फुलं वेचायला पहाटे निघताना पेजेत पडणारं मीठ त्यातलं. लाखोरीच्या वड्यांतलं, भेदराच्या, म्हणजे टोमॅटोच्या, चटणीतलं, थंडीत शेकायला बसल्यावर भाजलेल्या पोपटाच्या शेंगांवरचं. मी ऊन लागून निपचित पडले होते तेव्हा मामी साखरमिठाचं पाणी चमच्यानं पाजत बसली होती, तेही त्याच बरणीतलं. मधल्या काळात विलास जन्मला, माझं लग्न झालं, मी गोंदियाला आले.

मग एका वर्षी दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. मंडईला आमच्याकडं घरोघरी पाहुणे येतात, रात्रभर दंडारीची नाटकं चालतात, माणसं बसल्या जागी पेंगतात. मीही लेकराला घेऊन गेले होते. मामीची माय चिचगडाकडून आली होती. जुनं गाव उठल्यावर ते लोक तिकडं जाऊन राहिले होते, तेव्हा मामी कडेवर होती. त्यामुळे आपलं घर रिठावर नेमकं कुठं होतं, हे मामीला काहीच माहीत नव्हतं. म्हातारी तिथून गेली ती पुन्हा कधी त्या रिठाकडं फिरकली नव्हती. जेवायला बसलो. वरणात मीठ कमी पडलं. मामीनं बरणी पुढं सरकवली. म्हातारीनं मीठ घ्यायला हात घातला, अंगठा नेमका काठाच्या टवक्यावर टेकला आणि तो तिथंच थांबला.

"हे कुठून आणली वो?"

"रिठावरून. तुह्या जवायाचा धंदा."

म्हातारीनं ताट बाजूला सारलं. बरणी उचलून दिव्याजवळ नेली, निळी रेघ पाहिली, पुन्हा टवक्यावर अंगठा फिरवला. मग खाली बसली आणि सांगितलं. मामी जन्मली त्या दिवशी घरात कोरं गाडगं नव्हतं आणि कुंभाराकडं धाडायला माणूस नव्हता. स्टेशनच्या बाबूच्या बायकोनं दिलेली ही बरणी होती, तीच सुईणीनं उचलली. टवका तिच्याच हातून पडला. "पोरी, हे तुही नाळेची बरणी होय. तू आपल्याच नाळेचं मीठ खाऊन राहिली."

मामीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मामा हात जोडून म्हणाला, "मले का मालूम वो, तू तिथं पुरून होती म्हणून?" आणि मी, देवाशपथ, हसले. आधी मी, मग म्हातारी, मग विलास, काही न कळून. मामी तेवढी हसली नाही. दोन दिवस ती मामाशी बोलली नाही, माझ्याशी तर मंडई संपेपर्यंत नाही. म्हातारी जाताना तिला म्हणाली, "जिथं नाळ, तिथं माणूस फिरून येते. तू बी आलीच ना फिरून, लगन होऊन? बरणी राहू दे. गाव सोडून जाशील तवा जिथली तिथं पुरून जा, नाहीतं जीव अर्ध्यात अडकते." दुसऱ्या दिवशी पाहते तर बरणीत पुन्हा मीठ. मी भुवया उडवल्या तर म्हणाली, "माहीच नाळ आहे ना? मंग माह्याच घरी राहीन."

मामा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याच्या बाटल्या मी गोंदियाला आणल्या. माझ्या खिडकीत त्या उभ्या आहेत, पण समोर तीन मजली इमारत झाल्यापासून सकाळचं ऊन येत नाही. मामाची आठवण आली की मी रडत नाही. मला माझे पाय आठवतात आणि त्यांना लागलेला त्याचा मातीचा हात. माझं लहानपण सुखाचं होतं, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

रिठावर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. योगेश मोटारसायकल उभी करून वाट पाहत होता. मी आधीच फोन केला होता. तरोटा त्यानं छाटून टाकला होता. दोन बुंध्यांचा मोह मात्र तसाच उभा होता, एक बुंधा वाळलेला. जागा दाखवू शकेल असं जिवंत माणूस आता मी एकटीच, म्हणून तर मामीनं माझ्यासोबत यायचं कबूल केलं होतं. मी मोहापासून अंदाज घेतला, इकडं चार पावलं, तिकडं चार पावलं, आणि म्हटलं, "इथं."

"पक्कं?"

"पक्कं. पहिली कुदळ माझीच होती."

योगेश म्हणाला, "आजी, पुरा इथं. एवढा कोपरा मी सोडून देतो, मशीन नाही लावत."

"नको बाप्पा. कोपरा सोडला का तुही बांधी वाकडी होईन. खोल पुरतो आमी, तू बिनधास्त धान लाव."

योगेशनं कुदळ घ्यायला हात पुढं केला, पण मी दिली नाही. मी खणायला लागले. या वयात कुदळ पुन्हा माझ्याच उंचीची वाटायला लागली होती. दोन हात मारले की धाप. मामी काठावर उकिडवी बसली, बरणी पोटाशी धरून. रिकामी बरणी तिनं धुऊन, पदरानं कोरडी करून आणली होती. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं, पण ती मध्येच म्हणाली, "तवा हिच्यात का होतं?"

"माती. काळी माती होती, मुळं होते."

"अन नाळ?"

"नाळ कुठं राहते मामी इतके वर्षं? माती झाली होती तिची."

"थे माती कुठी टाकली तुमी?"

मी कुदळ टेकली. आठवायला वेळ लागला नाही, कारण ती दुपार माझ्या डोळ्यांपुढं होतीच. "घरी आणली बरणी. हापशीवर मी काडीनं उकरून उकरून माती काढली. मामा म्हणाला, सोन्यावाणी माती आहे, फेकू नको. मग सांदवाडीत टाकली. सांभाराच्या वाफ्यात." सांदवाडी म्हणजे घरामागची भाजीची वाडी, आणि सांभार म्हणजे कोथिंबीर. तो वाफा अजून आहे. मामी दर हिवाळ्यात त्यात सांभार लावते.

मामी माझ्याकडं पाहत राहिली.

"म्हंजे तुमी साऱ्यायनं मले चटणीत वाटून खाल्ली!"

आणि ती हसायला लागली. मंडईच्या त्या रात्रीचं राहिलेलं सगळं हसू तिला आत्ता आलं. दात नसलेलं तोंड उघडं टाकून, एक हात जमिनीवर टेकून ती हसली. मीही खड्ड्याच्या काठावर बसून हसले. योगेशला काही समजेना, पण तोही हसला, तरुण माणसं म्हाताऱ्या बायांसोबत हसतात तसा. मग मामीनं पदरानं डोळे पुसले, आणि पुसत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुह्या मामानं मले घरी नेऊन लावली वो," ती म्हणाली. "अन मी इतके वर्षं समजून राहिलो का माही जागा इथी आहे."

तिनं बरणी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी माती खड्ड्यात ढकलायला लागली. मी म्हटलं, मामी, बरणी? ती म्हणाली, "बरणीचं का? बरणी तं त्या बाबूच्या बायकोची." योगेशनं पायानं माती सारखी केली. मामी उठली, लुगडं झटकलं, आणि बरणी तिथंच ठेवून रिकाम्या हातांनी गाडीत जाऊन बसली. मी गाडी सुरू करून गोंदियाच्या रस्त्याला लावणार, तर तिनं स्टीअरिंगवर हात ठेवला.

"घरी चाल."

मला समजलं, तरी मी विचारलं, कोणत्या? तिनं बोटानं मागचा रस्ता दाखवला. गावात पोचल्यावर शेजारणीकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं, ओसरीवर बसली आणि मला म्हणाली, "लाव विलासले फोन." मी लावून तिच्या हातात दिला. तिकडं त्याचा आवाज चढलेला मला इथवर ऐकू येत होता. खोली तयार केली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा लावला आहे, डॉक्टर जवळ आहे. ते सगळं खरं होतं. पोरगा चांगला आहे, जीव टाकतो तिच्यावर. मामीनं त्याला पूर्ण बोलू दिलं.

"अरे पण इथी का कमी आहे तुले?" तो शेवटी म्हणाला. "काऊन नाही येत तू?"

"काही कमी नाही रे बाप्पा. तुह्याकडं मी राहीन. इथी मी आहो."

मामी फोन कानाला घट्ट धरून सांदवाडीकडं पाहत बसली. मग विलास हळू आवाजात म्हणाला, "दांडा काढून आणतो मंग. तुह्या न्हाणीत लावून देतो."